भोजपूरच्या वाटेवरचा पाऊस

भोपाळ शहरात तात्या टोपे नगर नावाची एक मोठी वसाहत आहे आणि तिच्यात जवाहर चौक आहे. गेल्या श्रावणातील एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता त्या चौकात आम्ही अकरा माणसे अकरा सायकली घेऊन भिजत उभे होतो. पाऊस मोठा नव्हता, भुरभुरत होता. परंतु आभाळाचा रंग असा होता की, आपल्याकडील कोणाही शेतकऱ्याने तो पाहून प्रथम इरले शोधले असते. निघावे की निघू नये, याविषयी तेथेच पाऊण तास वाद चालला, आणि शेवटी पोहे-जिलेबीचे दुकान उघडल्यामुळे तो मिटला.

आमच्यापैकी पाच जण पाहुणे होतो. उरलेले सहा भोपाळचे रहिवासी, पण घरी मराठी बोलणारे. भोपाळात इतकी मराठी मंडळी कोठून आली, असा प्रश्न वाचकांस पडेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि भोपाळ ही नव्या मध्यप्रदेशाची राजधानी ठरली. त्याआधीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि मध्यभारताचा कारभार ग्वाल्हेर व इंदूर येथून चाले. कचेऱ्या हलल्या, त्यांबरोबर कारकूनही हलले. आमच्या यजमानांचे वडील याच लाटेत एक पत्र्याची ट्रंक आणि एक सायकल घेऊन नागपूरहून आले. सरकारी क्वार्टर्सची ही वसाहत उभी राहिली आणि तिला नाव मिळाले ते येवल्यात जन्मलेल्या एका मराठी वीराचे. आज त्यांतील पुष्कळ बैठी क्वार्टर्स पाडली गेली असून त्या जागी उंच इमारती उठत आहेत. सायकल मात्र यजमानांच्या घरी अजून आहे. काळी, जड, दांडीवर घोंगडीचा तुकडा गुंडाळलेली. त्या दिवशी तीवर गुरुजी बसणार होते.

गुरुजी म्हणजे यजमानांचे थोरले मेहुणे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक. तरुणांच्या सायकली गिअरच्या, पिसासारख्या हलक्या. त्यांनी आदल्या रात्री बेत आखला होता तो असा: सकाळी भोजपूर, दुपारी भीमबेटका, रात्री परत. भीमबेटका म्हणजे प्राचीन चित्रांची ती शैलगृहे, जी १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाने उजेडात आणली. बेत ऐकून गुरुजींनी एवढेच विचारले, "आणि परत येताना मला कोण उचलणार?" मग त्यांनी एक अट घातली. सर्वांत मागच्या माणसाच्या चालीने सर्वांनी चालावयाचे. प्रत्येक वळणावर पुढच्याने थांबून मागचे तोंड पाहावयाचे. तरुणांनी मान डोलावली. मान डोलावणे सोपे असते.

बोर्ड ऑफिसचा चौक आणि राणी कमलापती स्थानक मागे टाकून आम्ही होशंगाबादच्या रस्त्याला लागलो. होशंगाबाद हे नर्मदाकाठचे शहर पंधराव्या शतकातील माळव्याचा सुलतान होशंगशहा याच्या नावाने वसले. २०२२ साली त्याचे नर्मदापुरम असे नामांतर झाले, तथापि लोकांच्या तोंडून रस्ता अजून होशंगाबादचाच आहे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. सायंकाळी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. रुंद आणि गुळगुळीत असा तो रस्ता सायकलवाल्यास मात्र पावसात सुखाचा नाही. प्रत्येक मालमोटार जाताना एक घागर गढूळ पाणी अंगावर ओतून जाते. चाकाच्या कडा ओल्या झाल्या की ब्रेक लागत नाहीत. दाबावे आज आणि थांबावे उद्या, अशी गत होते. यजमानांच्या सूनबाई आमच्यात सायकल उत्तम चालवीत. त्यांनी सर्वांना युक्ती सांगितली की, थांबावयाचे असेल त्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबून धरावा, म्हणजे कडेचे पाणी पुसले जाते आणि मग पकड येते. ही युक्ती त्या दिवशी निदान तीन पडझडी टाळून गेली.

मिसरोद गेले. पुढे 'ग्यारह मील' नावाचे ठिकाण आले. मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले त्याला कित्येक वर्षे झाली, पण ठिकाणाला नाव चिकटले ते चिकटलेच. तेथून डावीकडे भोजपूरचा फाटा फुटतो. मालमोटारी सरळ गेल्या, आम्ही वळलो, आणि एकदम कानांत शांतता भरली. फक्त पाऊस आणि अकरा साखळ्यांचा खळखळ आवाज.

आता दोन्ही बाजूंस शेतेच शेते. आपल्याकडे श्रावणातले शेत म्हटले की लावणी झालेले भात, बांधावर खेकडे आणि गुडघाभर पाणी. येथेही भात आहे, पण पुष्कळशा शेतांत सोयाबीन दिसते. गुडघ्याएवढे गर्द हिरवे झुडूप, तीन तीन पानांचे, आणि पानांच्या बेचक्यांत लपलेली बारीक जांभळी-पांढरी फुले. गंमत अशी की, साठ वर्षांपूर्वी याच महिन्यात येथून गेलो असतो, तर पुष्कळ शेते उघडी दिसली असती. ही काळी माती पावसात इतकी चिकट होते की तीत ना नांगर चाले ना पाय. म्हणून जुने शेतकरी पावसाळाभर जमीन पडीक ठेवीत, तिला पाणी पिऊ देत, आणि त्या मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने येथे सोयाबीनचे प्रयोग केले, आणि रिकाम्या पावसाळ्यास एक पीक मिळाले. 'जेएस ३३५' हे बियाणे महाराष्ट्रातही घरोघरी ठाऊक आहे. त्यातील 'जे' म्हणजे जवाहर. म्हणजे सकाळी जवाहर चौकातून निघालेले आम्ही नऊ वाजता जवाहर सोयाबीनच्या शेतांत पोहोचलो होतो!

परंतु या पिकाचा एक हट्ट आहे. भाताला पाणी साचलेले चालते, सोयाबीनला चालत नाही. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतले नत्र झाडाला पुरवतात. मुळांशी पाणी तुंबले की त्यांचा श्वास कोंडतो आणि झाड पिवळे पडते. भोपाळात वर्षाकाठी सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणच्या मानाने तो थोडा, पण त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टातच कोसळतो. हे सर्व ज्ञान आम्हांस त्या सकाळी नव्हते. आम्ही "काय सुंदर हिरवळ!" असे म्हणत चाललो होतो. तिच्यात मधून मधून पिवळट चट्टे होते, तेही आम्हांस सुंदरच वाटले.

साडेनऊला पाऊस खरा कोसळू लागला. यावेळी तरुणांनी एक आडवाट काढली. तिने गेले की चार किलोमीटर वाचतात, असे त्यांच्या फोनमधील नकाशा म्हणत होता. नकाशाला चिखल दिसत नाही. डांबर सुटल्यावर शंभर पावलांत सर्व चाके थांबली. काळी माती टायरला लागते, टायर ती वर नेते, मडगार्ड ती धरून ठेवते, आणि बघता बघता चाक असे जखडते की सायकल ओढतासुद्धा येत नाही. गिअरच्या सायकलींचे हाल अधिक झाले. गुरुजींच्या जुन्या सायकलीचे मडगार्ड चाकापासून चांगले दोन बोटे वर होते, त्यामुळे ते काडीने माती काढीत हळूहळू पुढे येत राहिले आणि आम्हा सर्वांस मागे टाकून गेले. त्यांनी मागे वळून आमचे तोंड पाहिले, पण बोलले काही नाही.

असे करीत आम्ही एका नाल्याशी आलो. नाल्यावर पूल नव्हता, रपटा होता. रपटा म्हणजे नाल्याच्या तळालगत घातलेली सिमेंटची सपाट वाट. उन्हाळ्यात वरून जावे, पावसात पाणी तिच्यावरून जाते. त्या वेळी पाणी तांबूस-काळे होऊन तिच्यावरून वाहत होते. पलीकडचा काठ तीस-पस्तीस पावलांवर. बाभळीची एक फांदी येऊन रपट्याच्या कडेला अडली, क्षणभर थरथरली आणि गेली.

येथे आमच्यात फूट पडली. दोघे तरुण म्हणाले, "गुडघाभर तर पाणी आहे. सायकली खांद्यावर घेऊ आणि जाऊ." आम्ही वडीलधाऱ्यांनी विरोध करावयास हवा होता. खरे सांगावयाचे तर केला नाही. मागे तो चिखल होता, पुढे भोजपूर होते, आणि आम्ही पाहुणे भित्रे आहोत असे यजमानांस वाटू नये, हेही मनात होते. एकाने तर चपला हातात घेतल्याही. गुरुजी तेवढे "थांबा, थांबा" म्हणत होते. पण पावसाच्या आवाजात ते आम्हांस ऐकू आले नाही, किंवा आले असूनही आम्ही ऐकले नाही.

तेवढ्यात बाजूच्या शेतातून एक मनुष्य खांद्यावर फावडे घेऊन धावत आला. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ. तो ओरडला, "रुको भैया, रुको!" आणि सरळ रपट्याच्या तोंडाशी जाऊन फावडे आडवे धरून उभा राहिला. त्याचे पुढचे बोलणे हिंदीतच झाले; त्याचा मराठी सारांश असा: "पाणी गुडघ्याएवढे आहे, हे मलाही दिसते. पण खालचे सिमेंट जागेवर आहे की वाहून गेले, हे तुम्हांलाही दिसत नाही आणि मलाही नाही. मी येथे जन्मलो, तरी आज उतरणार नाही." मग त्याने सायकलीकडे बोट दाखवून म्हटले, "आणि हे चाक पाण्यात आडवे झाले की पाणी त्याला धरते. तुम्ही सायकल सोडणार नाही, आणि सायकल तुम्हांला सोडणार नाही."

चपला हातात घेतलेल्या गृहस्थांनी त्या पुन्हा पायात घातल्या. दरवर्षी पावसाळ्यात अशाच रपट्यांवरून माणसे, मोटारसायकली, प्रसंगी भरलेल्या गाड्याही वाहून गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्या वाचताना आपण म्हणतो, "कशाला गेले मेले?" ते कशाला जातात, ते आम्हांस त्या दिवशी समजले. पाणी थोडे दिसते म्हणून जातात, आणि बरोबरचे पाहत असतात म्हणून जातात.

पाणी उतरेपर्यंत थांबणे प्राप्त होते. त्या शेतकऱ्याने आम्हांस आपल्या शेतातील झोपडीत नेले. झोपडी ती केवढी, अकरा माणसे आणि एक शेळी. परंतु तो स्वतः काही आत आला नाही. फावडे घेऊन पुन्हा पावसात गेला. सूनबाईंनी डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "त्यांचे शेत बुडते आहे, आणि ते आपल्यासाठी धावत आले होते."

मग आम्ही सगळेच बाहेर पडलो. भिजावयाचे असे काही उरलेच नव्हते. प्रकरण असे होते: त्याच्या दोन एकर सोयाबीनमध्ये कालपासून पाणी तुंबले होते. एरवी ते नाल्यात उतरे. आज नालाच तुडुंब, त्यामुळे ते उलटे चढत होते. पाण्याला दुसरी वाट एकच, खालच्या अंगाचा बांध फोडावयाचा. त्या बांधाखाली शेजाऱ्याचे भात होते, लावणी होऊन थोडेच दिवस झालेले. आणि शेजारी छत्री घेऊन बांधावर उभा होता. आम्ही पोहोचलो तेव्हा दोघांचे बोलणे अशा पट्टीत चालले होते की, पावसातही ते स्पष्ट ऐकू येत होते. वरच्याचे म्हणणे, "माझे पीक पिवळे पडले, आज पाणी गेले नाही तर संपले." खालच्याचे म्हणणे, "तू बांध फोडलास की एवढे पाणी एका दमात येईल, माझी रोपे उपटील, आणि माझा खालचा बांधही नेईल." दोघांचेही खरे होते. आमच्या वाचकांपैकी ज्यांची शेते एकाखाली एक आहेत, त्यांना हे भांडण नवे नाही. आपल्याकडेही अशा बांधांवरून भाऊ भावाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत.

आम्ही परके. मध्ये पडण्याचा आम्हांस काय अधिकार? गुरुजींनी तोडगा काही सांगितला नाही, त्यांनी फक्त एक विचारले: "दादा, फावडी किती आहेत?" हात असले तर काय करता येईल, याचा विचार मग त्या दोघांनीच केला. आधी खालच्याने आपल्या भाताचा सर्वांत खालचा बांध एका कोपऱ्यात कापावयाचा आणि पाण्यास ओढ्याकडे वाट करून द्यावयाची. तेथून पाणी नीट वाहू लागले की मगच वरच्याने आपला बांध कापावयाचा, तोही वीतभर रुंद, आणि कापलेल्या तोंडाशी दगड व मातीची पोती लावावयाची, म्हणजे धारेने तोंड रुंदावणार नाही. आधी खालचा, मग वरचा. एवढे ठरावयास त्यांना पाच मिनिटे लागली. भांडावयास किती वेळ लागला असेल ते आम्ही विचारले नाही.

फावडी चार होती. आम्ही पाळीपाळीने खणले, पोती भरली, दगड वाहिले. शहरातील माणसाचे फावडे पाण्यात कसे पडते ते पाहून खालचा शेजारी हसला, आणि तेथून वातावरण निवळले. साडेअकराच्या सुमारास वरच्या बांधातून पहिली धार सुटली. ती काळ्या चहासारखी, मनगटाएवढी जाड. शेजारी तिच्याकडे डोळे लावून बसला होता. दर थोड्या वेळाने तो हात वर करी, की वरचा एक पोते सरकवी. पुन्हा हात करी, की पोते परत लावी. असे अडीच-तीन तास चालले. भाताचे रोप एकही उपटले नाही असे आम्ही म्हणणार नाही. धारेच्या तोंडाजवळची दोन-चार हात जागा गेली. शेजाऱ्याने ती पाहिली, मान हलवली आणि काही बोलला नाही.

मक्याची कणसे झोपडीत भाजली गेली, ती मीठ-लिंबू लावून आम्ही खाल्ली. कणसे एका शेतातली आणि लिंबू दुसऱ्या शेतातले होते.

तीनच्या सुमारास पाऊस थांबला. चार वाजता रपट्याचे सिमेंट दिसू लागले. पलीकडच्या अंगाला त्याचा हातभर रुंदीचा एक तुकडा खरोखरच गेला होता. आम्ही सर्वांनी तो पाहिला. त्या दोघा तरुणांनी जरा अधिक वेळ पाहिला. भीमबेटक्याचे नाव मग कोणी काढले नाही.

भोजपूरला पोहोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. अकराव्या शतकातील भोज राजाचे ते अपुरे राहिलेले शिवालय उंच जोत्यावर उभे आहे. आतील एकसंध लिंगच सुमारे सव्वादोन मीटर उंच. आसपासच्या खडकांवर कारागिरांनी मंदिराचे आराखडे कोरून ठेवले आहेत, आणि मागे मोठे दगड वर चढविण्यासाठी केलेल्या उताराचे अवशेष आहेत. काम जणू जेवणाच्या सुटीसाठी थांबले आणि पुन्हा सुरू झालेच नाही. याविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष त्या सायंकाळी दुसरीकडेच होते. यजमान आम्हांस जुन्या बांधाचे दगड दाखवावयास घेऊन गेले.

भोज राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रचंड तळ्याचा तो बांध. टेकड्यांमधील खिंडी अडवून बेतवेचे पाणी येथे कोंडले होते. १८८८ साली विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल असावा असा अंदाज मांडला. मंडीदीप हे गाव त्या काळी तळ्यातील द्वीप होते, म्हणून त्याचे नाव तसे, असे लोक सांगतात. पंधराव्या शतकात होशंगशहाने हा बांध फोडविला. इकडच्या दंतकथेत म्हटले आहे की, फौजेला बांध फोडावयास तीन महिने लागले, तळे रिते व्हावयास तीन वर्षे, आणि तळाची जमीन माणसांना राहण्याजोगी व्हावयास तीस वर्षे. आज त्या तळावर गहू, भात आणि सोयाबीन उभे असते. सकाळपासून आम्ही ज्या रानातून चाललो होतो, त्याच्या आसपास एके काळी नावा चालत असतील.

गुरुजी एका दगडावर बसून बेतवेकडे पाहत होते. नदी काठोकाठ भरली होती. भोपाळचे मोठे तळे भरले की भदभद्याच्या धरणाचे दरवाजे उघडतात. हे धरण १९६५ साली पुरे झाले. त्याला अकरा दरवाजे आहेत. ते पाणी कलियासोत नदीतून येऊन बेतवेला मिळते आणि बेतवा ते पुढे यमुनेस नेऊन देते. पहाटे जवाहर चौकात जो पाऊस आमच्या अंगावर पडला, त्याचाही काही वाटा समोरून जात असेल. "तीस वर्षे," गुरुजी म्हणाले, "आणि आपले दोन एकरांचे काम तीन तासांत झाले. त्याला खाली उभा राहून हात वर करणारा कोणी मिळाला नसावा."

अंधार पडू लागला होता आणि कोणाच्याही पायांत बळ नव्हते. भोपाळकडे जाणाऱ्या एका दुधाच्या रिकाम्या टेम्पोवाल्याने नऊ सायकली आणि नऊ माणसे घेतली. दोघे तरुण हट्टाने सायकलीवरूनच परत आले, मात्र पक्क्या रस्त्याने. रात्री साडेनऊला ते जवाहर चौकात पोहोचले तेव्हा गुरुजी तेथे बंद दुकानाच्या फळीवर बसलेले होते. सर्वांत मागच्याचे तोंड पाहिल्यावाचून घरी जावयाचे नाही, ही अट त्यांचीच होती.

दुसरा दिवस सायकली धुण्यात गेला. ती काळी माती वाळल्यावर दगडासारखी होते. गिअरच्या दात्यांतून ती काढावयास जुन्या दात घासावयाच्या ब्रशांची एक फौज खर्ची पडली. निघताना यजमानांनी त्या शेतकऱ्याचा फोन क्रमांक घेतला होता. पंधरा दिवसांनी त्यांनी बोलून आम्हांस कळविले: वरच्या अंगाच्या सोयाबीनची पाने पुन्हा हिरवी झाली आहेत, नाल्याकडच्या कोपऱ्यातील अर्ध्या एकराचे पीक मात्र गेले. शेजाऱ्याचे भात चांगले आहे. कापणीस मजूर मिळत नाहीत, तेव्हा ती फावडी धरता न येणारी मंडळी विळा तरी धरू शकतात काय, असे त्याने विचारले आहे.